आभाळातले वारे आणि शेजारची गिरणी

मराठी मुलखाबाहेर ज्यांची हयात गेली, त्यांना रेडिओ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. बडोद्याचे, इंदूरचे, हैदराबादचे आमचे वाचक या वाक्यावर मान डोलावतील, अशी आमची खात्री आहे. घरात एक भाषा, दारात दुसरी, कचेरीत तिसरी, अशा संसारात रात्रीची जेवणे आटोपल्यावर कोनाड्यातल्या त्या पेटीतून मराठी शब्द कानी पडला, की माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटे. आमचे गाव बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात. आधी निजामाचे राज्य, १९५६ पासून म्हैसूर राज्य, १९७३ पासून कर्नाटक. राज्ये बदलली, पण गाव जागचे हलले नाही, आणि गावातल्या भाषाही हलल्या नाहीत. एकाच पारावर मराठी, कानडी आणि दखनी अशा तिन्ही भाषांत भांडणे होत आणि तिन्ही भाषांत ती मिटतही. न मिटलेल्या एका भांडणाची ही हकीकत आहे. त्यात थोडे शास्त्र आहे. पण ते शास्त्र आम्हांला पस्तीस वर्षे आधी ठाऊक असते, तर हे लिहिण्याची पाळी आली नसती.

आमच्या वडिलांना सारे गाव तात्या म्हणे. त्यांच्याजवळ मर्फीचा रेडिओ होता. त्या काळी रेडिओ बाळगायचा, तर टपाल कचेरीत पैसे भरून परवाना काढावा लागे. तो परवाना तात्या जमिनीच्या पहाणीइतका जपून ठेवीत. छपराच्या आढ्यापासून परसातल्या लिंबापर्यंत तांब्याची तार ताणलेली होती. दिवसा गुलबर्गा केंद्र स्वच्छ लागे, परभणी क्षीण ऐकू येई. मुंबई मात्र दिवसभर मुकी असे. दिवे लागले, की शॉर्टवेव्हच्या साठ मीटरच्या पट्ट्यात तीच मुंबई हळूहळू जवळ येई. "मुंबई दिवे लागल्यावर घरी येते," असे तात्या म्हणत. असे का होते, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि विचारावे असे आम्हांला कधी वाटले नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून गिरणीवाल्या अप्पांचे घर. ते कानडी भाषक. पण हिशेबाची वही मराठीत ठेवीत. त्यांची पिठाची गिरणी घराच्या मागल्या अंगाला होती. आमच्या घरची ज्वारी तेथेच दळली जाई, आणि दसऱ्याला आपट्याची पाने द्यायला तात्या पहिल्यांदा अप्पांच्याच उंबऱ्यावर जात. अप्पा तात्यांहून धाकटे. तात्यांना ते 'अण्णा' म्हणत.

तात्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, लग्न होऊन मुंबईस गिरगावात गेल्या होत्या. निजामाच्या अमदानीत आमच्याकडे सरकारी शिक्षण उर्दूतून असे. मुलींना तर शाळेचे दारच दुर्मीळ. आत्याबाई घरी आजोबांजवळ बाळबोध लिहा-वाचायला शिकल्या आणि पुढे मुंबईत शिक्षिका झाल्या. १९८९ सालच्या मार्च महिन्याच्या आरंभी त्यांचे कार्ड आले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्यांचे एक भाषण व्हायचे होते. विषय होता लहानपणचे शिक्षण. कार्डाच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिले होते, 'सोमवार, १३ मार्च, रात्रौ साडेनऊ. सर्वांनी ऐकावे.'

शिवरात्र होऊन आठवडा झाला होता. आम्ही त्या वेळी वीस वर्षांचे, कॉलेजात शिकत होतो आणि परीक्षेच्या तयारीसाठी गावी आलो होतो. त्या रात्री आमच्या ओसरीवर दहा-पंधरा माणसे जमली. तात्यांनी रेडिओत नवे सेल घातले होते. सव्वानऊला त्यांनी काटा नेहमीच्या जागी आणला, आणि मुंबईच्या जागी नुसती खरखर ऐकू आली. मधूनच एखादा शब्द उमटे, बुडणाऱ्या माणसाचा हात वर यावा तसा, आणि पुन्हा खाली जाई. तात्यांनी काटा इकडे फिरविला, तिकडे फिरविला; तारेचे टोक घासून पुन्हा बसविले; रेडिओ उचलून अंगणात नेला. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. दहा वाजता माणसे एकेक करून उठली. कोणी म्हणाले, "सीमेकडची मराठी मुद्दाम दाबतात हो." कोणी म्हणाले, "सेट जुना झाला."

आणि तेव्हा आम्ही आमचे ज्ञान पाजळले. विजेच्या मोटरमध्ये ठिणग्या उडाल्या म्हणजे जवळच्या रेडिओत खरखर होते, असे आम्ही कोठेसे वाचले होते. अप्पांनी महिन्यापूर्वीच गिरणीला नवी मोटर बसविली होती. आम्ही तात्यांना म्हणालो, "ही खरखर आकाशातली नव्हे, भिंतीपलीकडची आहे." चार लोकांत शहाणे दिसण्याची हौस, दुसरे काय!

तात्या तरातरा अप्पांच्या दारी गेले. ते काय बोलले, ते येथे लिहीत नाही. पैशाचा लोभ, शेजारधर्म आणि शेवटी भाषा, या तिन्ही गोष्टी त्या बोलण्यात आल्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अप्पा दारात उभे राहून ऐकत होते. ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी दार लावून घेतले, आणि ते लागलेले दार आमच्यासाठी पुन्हा उघडले नाही. दुसऱ्या दिवसापासून आमची ज्वारी दुसऱ्या आळीतल्या गिरणीत जाऊ लागली. दसऱ्याची पाने त्या उंबऱ्यावर गेली नाहीत. पुढे तीन वर्षांनी आत्याबाई वारल्या. तात्याही २००६ साली गेले. खांदा द्यायला अप्पा आले. पण घरात पाऊल न टाकता परस्पर परत गेले.

येथवरची हकीकत कोणत्याही गावात घडण्यासारखी आहे. तिचा दुसरा अर्धा भाग कळायला २०२४ साल उजाडावे लागले.

आम्ही सध्या कलबुर्गी जिल्ह्यात, आळंद तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मुख्याध्यापक आहोत. २०२४ च्या मे महिन्यात, १० आणि ११ तारखांच्या दरम्यान, सूर्यावरील एका मोठ्या डागसमूहातून निघालेल्या स्फोटांमुळे पृथ्वीवर वीस वर्षांतले सर्वांत प्रबळ चुंबकी वादळ झाले. लडाखमधील हानले येथील वेधशाळेतून आकाशात तांबूस ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घेतली गेली. ध्रुवाजवळ दिसायचा तो प्रकाश हिंदुस्थानातून दिसला! सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हा सातवीतल्या एका मुलाने ते कात्रण वहीत चिकटवून आणले आणि विचारले, "सर, आभाळात वादळ झालं तर खाली काय होतं?" आम्ही मराठीचे एम. ए.; आमचा वाऱ्याशी संबंध काव्यापुरता. आम्ही त्याला विज्ञानाच्या शिक्षिकांकडे पाठविले. पण प्रश्न मात्र आमच्याचजवळ राहिला. त्यांच्याकडून दोन पुस्तके मागून आणली आणि रात्री वाचीत बसलो. त्या वाचनातून जे कळले, ते आमच्यासारख्याच भाषेच्या माणसांसाठी सोप्या शब्दांत सांगतो.

जमिनीपासून साधारण साठ किलोमीटरच्या वर हवा अतिशय विरळ होत जाते. सूर्याचे जंबुपार आणि क्ष-किरण तेथल्या अणुरेणूंवर आदळतात आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सुटे करतात. अशा विद्युत्‌भारित कणांचा जो थर पृथ्वीभोवती आहे, त्याला आयनांबर म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण ऐवज थोडा. तीनशे किलोमीटर उंचीवर, जेथे हा थर सर्वांत दाट असतो, तेथेही हजार कणांत एखादाच विद्युत्‌भारित सापडतो. मात्र तेवढा एखादा कण रेडिओच्या लहरी परत जमिनीकडे वळवायला पुरतो. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संदेश पोचविला, तेव्हा सरळ रेषेत जाणारी लहर पृथ्वीची गोलाई ओलांडून गेली कशी, हा प्रश्न पडला होता. आकाशात एखादा परावर्तक थर असावा, असा तर्क केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्ये केला. ॲपल्टनने १९२४ मध्ये प्रयोगाने तो थर दाखवून दिला आणि त्या कार्याबद्दल त्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनी याच थरांवर आयुष्य वेचले. वरच्या वातावरणावरील त्यांचा १९४७ सालचा ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला.

तात्यांच्या मुंबईचे कोडेही येथेच उलगडले. आयनांबराचा सर्वांत खालचा पदर, साठ ते नव्वद किलोमीटरांतला, दिवसा लहरींना वळवीत नाही, गिळून टाकतो. सूर्य मावळला, की थोड्याच वेळात तो पदर विरून जातो आणि लहरींना वरच्या थरापर्यंत जाऊन परत येण्याचा मार्ग मोकळा होतो. मुंबई दिवे लागल्यावर घरी येते, हे तात्यांचे वाक्य शास्त्रशुद्ध होते तर!

बीदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातला करेज आहे. जमिनीखालून खोदलेल्या बोगद्यातून दूरचे पाणी गावापर्यंत आणण्याची ती युक्ती. वरून चालणाऱ्याला खाली पाणी वाहते आहे याचा पत्ताही लागत नाही. आयनांबर हा आकाशातला करेजच म्हणायचा. त्याच्या वाटेने आमच्या घरी मराठी येत होती, आणि वर अशी काही वाट आहे, हे आमच्या गावी कोणालाच ठाऊक नव्हते.

आता वादळाकडे येऊ. सूर्यावरून कधीकधी विद्युत्‌भारित वायूचा प्रचंड लोट आपल्या चुंबकी क्षेत्रासकट सुटतो आणि एक ते तीन दिवसांत पृथ्वीला येऊन भिडतो. त्याच्या चुंबकी क्षेत्राचा रोख पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असला, तर दोन्ही क्षेत्रे एकमेकांत गुंततात आणि लोटाची ऊर्जा ध्रुवप्रदेशांकडील आकाशात ओतली जाते. होकायंत्राची सुई थरथरू लागते. हे झाले चुंबकी वादळ. पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती वाऱ्याची आहे. ध्रुवांवरची उंच हवा या ऊर्जेने तापते, फुगते आणि तेथून विषुववृत्ताच्या दिशेने वारे सुटतात. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी वळवाचे वारे सुटतात, त्यांना आपण जोराचे म्हणतो. या वरच्या वाऱ्यांचा वेग सेकंदाला काहीशे मीटर असतो. ध्रुवाकडची खळबळ काही तासांत आपल्या डोक्यावर येऊन पोचते.

हे वारे दोन प्रकारची उलथापालथ करतात. विद्युत्‌भारित कण पृथ्वीच्या चुंबकी रेषांना बांधलेले असतात. वारा त्यांना त्या रेषांवरून वर ढकलतो, आणि काही ठिकाणी थर आणखी दाट होतो. दुसरे असे, की तापून वर आलेल्या हवेत नायट्रोजनचे आणि प्राणवायूचे रेणू अधिक असतात. हे रेणू वरच्या थरात मिसळले, की सुटे इलेक्ट्रॉन झपाट्याने पुन्हा बांधले जातात आणि थर विरळ होतो. विरळ झालेला थर लहरींना परत वळवू शकत नाही. त्या त्याला भेदून वर निघून जातात. एकाच वादळात एका प्रांतावर थर दाटतो, दुसऱ्यावर विरतो, आणि दुपारी दाटलेला रात्री विरू शकतो.

आमच्या भागाची तर आणखी एक खासियत आहे. चुंबकी विषुववृत्त हिंदुस्थानच्या दक्षिण टोकावरून, केरळातल्या थुंब्याजवळून जाते. १९६३ साली तेथून अग्निबाण सोडून संशोधन सुरू झाले, ते याच कारणाने. त्या रेषेवर दिवसा आयनांबर कारंज्यासारखे वर उचलले जाते आणि उत्तरेला व दक्षिणेला चुंबकी रेषांवरून खाली घसरते. उत्तरेकडची त्याची रास गुजरात-मध्यप्रदेशाच्या आकाशात पडते. कलबुर्गी आणि बीदर ही या दोहोंच्या मधली, कारंज्याच्या उतरणीखालची गावे. वादळातले वारे सुटले, की त्यांच्यामुळे नवी विद्युत्‌क्षेत्रे निर्माण होतात. कारंजे कधी उसळते, कधी दबते. मग आमच्या माथ्यावरचे आकाश नेहमीसारखे वागत नाही.

या साऱ्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे, हे वाचून आम्हांला मराठी माणूस म्हणून सुखावल्यासारखे झाले. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकी सुयांची नोंद १८४१ पासून होत असे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टनने सूर्यावर लखलखाट पाहिला आणि अठरा तासांच्या आत पृथ्वीवर माहीत असलेले सर्वांत मोठे चुंबकी वादळ आले. त्या वेळी कुलाब्याच्या उपकरणाने चुंबकी बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली. नेहमीच्या आडव्या बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास भरेल, एवढी ती घट. शतकभराहून अधिक काळानंतर शास्त्रज्ञांनी त्या वादळाचे मोजमाप मांडले, ते मुख्यत्वे या मुंबईच्या नोंदींवरून. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यायच्या ठरल्या. ट्रामच्या विजेने सुया बिघडतील, म्हणून वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत, १९०४ मध्ये, चुंबकी कामासाठी अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या इमारतींत चुंबकाला ओढ लावील असे सामान वापरले नाही. दोन वर्षे दोन्हीकडे एकदम नोंदी घेऊन, ताडून पाहून, मगच कुलाब्याचे काम थांबविले. अलिबागेस ते अजून चालू आहे. १९७१ साली स्वायत्त झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था आता नवी मुंबईजवळ नवीन पनवेलला आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवरचे वारे मोजणारे रडार याच संस्थेने बसविले.

अलिबागची हकीकत वाचताना आम्ही थबकलो. शेजारच्या विजेने उपकरण बिघडते, हे मूस यांनाही ठाऊक होते. मग त्यांनी काय केले? सुई हलली की ट्रामला शिव्या घातल्या नाहीत. आधी दोन ठिकाणी दोन वर्षे मोजून पाहिले. आम्ही भिंतीपलीकडे डोकावूनही पाहिले नव्हते.

आणि त्याच पुस्तकात पुढच्या पानावर एक तारीख होती: १३ मार्च १९८९.

त्या दिवशी अंतराळयुगातले सर्वांत मोठे समजले जाणारे चुंबकी वादळ झाले होते. कॅनडातील क्वेबेक प्रांताची सबंध वीजव्यवस्था दीड मिनिटाच्या आसपास कोसळली; साठ लाख माणसे नऊ तास अंधारात होती. तेथे ती मध्यरात्र उलटून गेलेली वेळ. आपल्या घड्याळात दुपारचा सव्वा वाजला होता. ध्रुवीय प्रकाश फ्लॉरिडा आणि क्युबापर्यंत दिसला. जगभर शॉर्टवेव्हची दाणादाण उडाली. युरोपातून रशियाकडे होणारे रेडिओ-प्रक्षेपण ऐकू येईना, तेव्हा रशियन सरकारने ते मुद्दाम दाबले, असा संशय प्रथम घेतला गेला. आमच्या ओसरीवरचा तो सीमावासी वाक्यासकट युरोपातही हजर होता म्हणायचा!

आम्ही सुट्टीचा दिवस पाहून गावी गेलो. माळ्यावर तात्यांचा मर्फी त्याच्या कातडी आवरणात पडला होता. आवरणाच्या कप्प्यात परवान्याचे पुस्तक होते आणि त्यात दोन कार्डे होती. पहिले आमच्या ओळखीचे: सोमवार, १३ मार्च, रात्रौ साडेनऊ. दुसरे आम्ही कधीच पाहिले नव्हते. ते त्याच महिन्याच्या अखेरचे, आत्याबाईंच्याच हातचे. 'भाषण ऐकून आनंद झाला असे लिहिलेस, बरे वाटले. पण बोलण्यात मी गिरणीच्या अप्पाचे नाव घेतले होते. त्याला ते ऐकविलेस की नाही, ते कळविले नाहीस.'

तात्यांनी बहिणीला खोटे लिहिले होते. भाषण ऐकले, असे कळविले होते. आणि अप्पांना तो निरोप पोचविणे त्यांना शक्य राहिले नव्हते. कारण पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी त्या दारात उभे राहून जे बोलायचे ते बोलून टाकले होते. ते कार्ड फाडून टाकणेही त्यांच्याने झाले नाही. सतरा वर्षे ते त्यांनी रेडिओच्या परवान्यात ठेवले.

अप्पांचे वय आता शहाऐंशी. गिरणी नातू चालवितो. आम्ही उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत जाऊन पाया पडलो आणि दुसरे कार्ड त्यांच्या हाती दिले. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचले.

"काय म्हणाली होती?" त्यांनी विचारले.

"ते कोणालाच ठाऊक नाही, अप्पा. आम्ही ऐकले नाही."

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मला बाराखडी तिनंच शिकवली, तम्मा. मी पाच-सहा वर्षांचा होतो. ती जात्यावर बसायची, अन् पिठात बोटानं अक्षर काढून दाखवायची. लग्न होऊन गेली, तवर मला जोडाक्षर येत होतं. माझी हिशेबाची वही मराठीत का, हे तुझ्या बापाला ठाऊक होतं की."

मग आम्ही १३ मार्चचा विषय काढला. वादळाचे सांगितले, वरच्या वाऱ्यांचे सांगितले, आणि ती मोटरची ठिणगी तात्यांच्या डोक्यात आम्हीच टाकली होती, हेही सांगितले. अप्पा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "त्या राती गिरणी चालूच नव्हती. तीन फेजची पाळी तवा सकाळची होती. घरात दिवा होता, पण मोटरला करंटच नव्हता. मी पण रेडिओ लावून बसलो होतो. माझ्या रेडिओत पण खरखरच."

"मग तुम्ही त्या वेळी बोलला का नाही?"

"अण्णा भाषेवर गेला, तवा मी काय सांगायचं होतं? त्यानं भिंतीवरून वाकून बघायचं होतं. गिरणीला कुलूप होतं."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "मग तिचा तो आवाज गेला कुठं?"

आम्ही पुस्तकात वाचलेले सांगितले. थर विरळ असला, म्हणजे लहर त्याला भेदून वर जाते आणि मग जातच राहते. अप्पांनी मान हलविली. हे उत्तर त्यांना पटले की नाही, हे आम्हांला समजले नाही. निघताना त्यांनी नातवाला हाक मारून आमच्या पिशवीत ज्वारीचे पीठ घालायला लावले. पस्तीस वर्षांनी त्या गिरणीचे पीठ आमच्या घरी आले.

आता शॉर्टवेव्ह कोणी ऐकत नाही, तेव्हा ही चिंता जुनी झाली, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. तसे नाही. हातातल्या फोनला आपला ठावठिकाणा सांगणारे उपग्रहांचे संकेत याच आयनांबरातून खाली येतात आणि त्याच्या लहरीप्रमाणे काही मीटरांनी चुकतात. विमानांना वाट दाखविण्यासाठी आपल्या देशाने 'गगन' ही व्यवस्था उभी केली, तेव्हा हिंदुस्थानवरच्या या चंचल आकाशाचा स्वतंत्र हिशेब मांडावा लागला. २०२२ च्या फेब्रुवारीत एका मध्यम वादळाने वरची हवा फुगली आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक खाली येऊन जळून गेले. सूर्याकडे अखंड पाहत राहण्यासाठी २ सप्टेंबर २०२३ रोजी आपले 'आदित्य एल-१' यान निघाले. ६ जानेवारी २०२४ पासून ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवर आपल्या जागी आहे. वादळाची चाहूल आता पूर्वीपेक्षा लवकर लागते.

ती लागावी, हे चांगलेच आहे. पण आम्हां सीमेवरच्या आणि परप्रांतातल्या माणसांना आणखी एका चाहुलीची गरज असते. आपल्या भाषेला जरा अडथळा झाला, की आपला हात लगेच शेजारच्या भिंतीकडे जातो. पुष्कळदा अडथळा खराही असतो, आणि त्याविषयी बोललेही पाहिजे. मात्र बोलण्यापूर्वी एकदा वाकून पाहावे. गिरणी चालू आहे, की तिला कुलूप आहे. आमच्या शाळेतल्या त्या सातवीच्या मुलाला आम्ही त्याच्या प्रश्नाचे उत्तर अखेर दिले. आभाळात वादळ झाले, तर खाली काय होते? आम्ही ही सारी हकीकत वर्गात सांगितली. ती ऐकून तो म्हणाला, "सर, मग त्या आजोबांना मी तुमच्या आत्याबाईंसारखं काहीतरी वाचून दाखवू का?"

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्याला गावी घेऊन जाणार आहोत.